विहिरीतला हिरवा खडा आगीतून येत नाही

उन्हाळा आला की आमच्या खटाव-माणच्या माळावर विहिरींची कामं निघतात, आणि अलीकडे त्यांच्या मागोमाग एक मेसेजही फिरायला लागतो. यंदा तो मला चार वाटांनी आला. गावच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, कराडच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडून आणि शेवटी विट्याच्या मामांकडून. मामांनी खाली लिहिलं होतं, "पोरी, आपल्या विहिरीत बी असलं निघालंय. हे खरं हाय का?"

मेसेज असा आहे:

"सातारा-सांगलीच्या विहिरींत निघणारा हिरवा-गुलाबी दगड साधा नाही. ज्वालामुखीच्या आगीत दोन रत्नं एकाच क्षणी वितळून एकमेकांत मिसळली, त्यातून तो जन्मला. कोयनेखाली आजही लाव्हा उकळतोय, म्हणून तो फक्त आपल्याकडेच मिळतो. दोन रंगांच्या मधे सांधा दिसला तर तो चिकटवलेला, नकली समजावा. खरा खडा गॅसवर धरला तरी त्याला काही होत नाही. हिरवा भाग अस्सल पन्ना आहे, किंमत लाखांत. रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी प्यायलं की मूतखडा विरघळतो. शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा."

मी कराडला बरीच वर्षं भूशास्त्र शिकवलं. त्याआधीची माझी शाळा म्हणजे आण्णांची यारी, विहिरीतून डबर वर ओढणारी. आण्णा विहिरी खोदणाऱ्या टोळीचे मुकादम होते. सुरुंग उडाले, धूर निवला की डबर वर यायचं आणि आम्ही पोरं त्यात चमकणारे दगड शोधायचो. आम्ही त्यांना नुसतं 'गारा' म्हणायचो. म्हणून हा मेसेज मला परका वाटत नाही. त्यात आलेला दगड मी हातात घेतलेला आहे आणि त्याच्याविषयी इतकं खोटं लिहिलेलं मला बघवत नाही. एकेक मुद्दा घेते.

पहिला आणि मुळातलाच मुद्दा आगीचा. "ज्वालामुखीच्या आगीत जन्मला" म्हणे.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण आगीतून आला, हे खरं आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या दगडाखाली आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला येताना हे थर पायऱ्यांसारखे मोजता येतात. जगभरचे भूवैज्ञानिक यातल्या वरच्या थरांच्या गटाला आपल्या वाईच्या नावाने 'वाई उपगट' म्हणतात, आणि त्यातल्या दोन थरसमूहांची नावं आंबेनळी आणि महाबळेश्वर अशी आहेत. साताऱ्याच्या पोरांना हे शाळेत सांगायला हवं.

पण दगड आगीतून आला म्हणून त्याच्या पोटातले स्फटिकही आगीतून आले, असं होत नाही. मेसेजमधल्या दगडात दोन खनिजं आहेत. खाली अबोली रंगाच्या, मधे आवळून बांधलेल्या कडब्याच्या पेंढीसारख्या दिसणाऱ्या जुड्या असतात. ते स्टिल्बाइट. त्यावर उभे असतात पाणीदार, चौकोनी, टोकाला निमुळते होणारे मनोरे, कधी बिनरंगी तर कधी कोवळ्या पोपटी रंगाचे. ते ॲपोफिलाइट. आता या दोघांच्या पोटात काय आहे ते पाहा. 100 ग्रॅम स्टिल्बाइटमध्ये जवळजवळ 18 ग्रॅम पाणी असतं. ॲपोफिलाइटमध्ये सुमारे 16 ग्रॅम. हे पाणी ओल धरल्यासारखं वरवरचं नसतं, स्फटिकाच्या घडणीतच ते बसलेलं असतं. बाहेर येणाऱ्या बेसॉल्टी, म्हणजे थिजून हाच काळा पाषाण होणाऱ्या लाव्ह्याचं तापमान 1100 ते 1200 अंश सेल्सिअस. स्टिल्बाइटमधलं बहुतेक पाणी दोन-अडीचशे अंशांपर्यंतच निघून जातं आणि त्याची घडी मोडते. बाराशे अंशांच्या भट्टीत हा स्फटिक जन्मेल कसा आणि टिकेल कसा?

मग तो येतो कुठून? विहीर खोदणाऱ्याला याचं अर्धं उत्तर आधीच ठाऊक असतं. वाहत्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे असतात. लाव्हा थिजला की ते बुडबुडे पोकळ्या होऊन आत अडकतात. अशा पोकळ्यांनी भरलेल्या, ठिपक्याठिपक्यांच्या दगडाला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. सुरुंगाला तो काळ्या पाषाणापेक्षा मऊ लागतो. मांजऱ्या लागला की आण्णांचा चेहरा खुलायचा, कारण झिजलेल्या मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यात पाणी मिळायची आशा जास्त. स्फटिकही नेमके त्याच दगडात सापडतात, आणि त्याचं कारणही पाणीच आहे.

एक थर थिजला, त्यावर दुसरा आला, तिसरा आला. खालचा दगड गाडला गेला आणि ऊबदार राहिला. भेगांतून पाणी झिरपत होतं. थिजलेल्या लाव्ह्यात काचेसारखा भाग असतो, तो पाण्यात हळूहळू विरघळतो, त्याच्यामागून इतर खनिजंही झिजतात. पाण्यात सिलिका येते, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, ॲल्युमिनियम येतं. असं भारलेलं ऊन पाणी पोकळीत साचलं की त्यातलं साहित्य भिंतीवर बसायला लागतं. सगळ्यात आधी बहुधा हिरव्या-काळसर चिकणमातीचा पातळ लेप बसतो. पोकळी फोडल्यावर कडेला जी शेवाळी हिरवी साय दिसते, ती हीच. पुष्कळ जण तिला तांबं समजतात. मग त्या लेपावर एकेक खनिज बसत जातं.

हे अंदाजाने बोलत नाही. आइसलँडमध्ये गरम पाण्यासाठी खणलेल्या बोअरमध्ये झिओलाइट कुळातली खनिजं आजच्या काळात तयार होताना सापडली आहेत, आणि स्टिल्बाइट त्याच कुळातलं. त्याहून मला आवडतो तो फ्रान्सचा दाखला. प्लोंबियेर नावाच्या गावी उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे रोमन लोकांनी हमामखाने बांधले होते. एकोणिसाव्या शतकात ऑग्युस्त दोब्रे या फ्रेंच भूवैज्ञानिकाने तिथलं जुनं बांधकाम तपासलं, तेव्हा विटा आणि चुन्याच्या गिलाव्याच्या पोकळ्यांत त्याला झिओलाइट सापडले आणि ॲपोफिलाइटही. पाणी होतं सत्तरेक अंशांचं, आणि वेळ गेला होता अठराशे वर्षांच्या आतबाहेर. ना ज्वालामुखी, ना कोट्यवधी वर्षं. माणसाने भाजलेली वीट, तिच्यातली भोकं आणि तिच्यातून पाझरणारं ऊन पाणी एवढ्यावर काम झालं.

आणखी एक पुरावा वयाचा. दख्खनच्या पठारावरच्या काही ॲपोफिलाइटचं वय प्रयोगशाळेत काढलं गेलं, तर ते भोवतालच्या दगडापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान भरलं. लाव्हा केव्हाच थंड होऊन गेला होता, डोंगर झिजायला लागले होते, आणि आत पाणी आपलं काम करतच होतं.

दुसरा मुद्दा कोयनेचा, आणि याचा मला खरा राग आहे. कारण इथे माणसांच्या भीतीशी खेळ चालला आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप आमच्या घरातल्या मोठ्यांनी अंगणात बसून काढला. पाटण खोऱ्यात आजही जमीन हादरते. अशा लोकांना "खाली लाव्हा उकळतोय" असं सांगणं वाईट आहे.

खाली काय आहे ते बघून झालेलं आहे. कराडजवळ हजारमाचीला भूकंपाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. त्या कामासाठी कोयनेच्या भागात 3 किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आलं. सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत बेसॉल्टचे थर लागले आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक. लाव्हा नाही, उकळतं काही नाही. लाव्ह्याचा काळ संपून कोट्यवधी वर्षं झाली. कोयनेचे हादरे येतात ते जुन्या खडकातल्या भेगांवर आधीच साचलेला ताण सुटतो म्हणून, आणि धरणातल्या पाण्याचं ओझं व भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब त्याला निमित्त होतो, असं शास्त्रज्ञ अनेक वर्षांच्या नोंदींवरून सांगत आले आहेत. त्या हादऱ्यांचा आणि विहिरीतल्या गारांचा काहीही संबंध नाही.

"फक्त आपल्याकडेच मिळतो" हे तर एका वाक्यात संपतं: पुणे, नाशिक, जळगाव, नगरकडचं राहुरी, सगळीकडे मिळतो, आणि महाराष्ट्राबाहेर आइसलँडपासून ब्राझीलपर्यंत मिळतो. गंमत म्हणजे मेसेजसोबतचा फोटो आपल्याकडचाही नाही आणि या दगडाचाही नाही. फोटोत स्टिल्बाइटवर बसलेली गर्द निळी फुलं आहेत. ते कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या नावांचे तुकडे जोडून हे नाव केलंय. हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये, पण अशी टपोरी निळी फुलं म्हटली की जगभरचे संग्राहक एकच नाव घेतात: पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणी. मजकूर हिरव्याचा, फोटो निळ्याचा. ज्याने मेसेज लिहिला त्याने दगड पाहिला नव्हता, हे इथेच कळतं.

आता सांध्याचा मुद्दा. यावर जरा थांबते, कारण या दगडातली सगळ्यात सुंदर गोष्ट मेसेजने नेमकी उलटी सांगितली आहे.

दोन खनिजं "एकाच क्षणी वितळून मिसळली" असती तर आपल्याला दोन खनिजं दिसलीच नसती. दोन रंगांची मेणं एकत्र वितळवून बघा. थिजल्यावर एकच गोळा मिळतो, धारदार कडा असलेले दोन वेगळे आकार मिळत नाहीत. स्फटिकाला असे सपाट, आरशासारखे पैलू येतात ते मोकळ्या जागेत, थराथराने, सावकाश वाढायला मिळालं तरच. तेव्हा सांधा हा खोटेपणाचा पुरावा कसा होईल? सांधा असायलाच हवा. आधी कोण आलं आणि नंतर कोण, हे त्या सांध्यावर लिहिलेलं असतं.

वाचायची रीत सोपी आहे, दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. कोण कोणावर बसलंय ते बघायचं. बसणारा नंतरचा, बसायला जागा देणारा आधीचा. ॲपोफिलाइटचा मनोरा स्टिल्बाइटच्या जुड्यांवर उभा असेल आणि त्याच्या बुडाशी जुड्यांची टोकं आत शिरलेली दिसत असतील, तर स्टिल्बाइट आधी पूर्ण वाढलं होतं आणि ॲपोफिलाइटने वाढताना ती टोकं पोटात घेतली. मनोरा पारदर्शक असेल तर आत गेलेली अबोली टोकं बाहेरून दिसतात. चिकटवलेल्या खड्याला असं करता येत नाही. तो वर ठेवलेला असतो, त्याच्या बुडाखाली पोकळी किंवा डिंकाची चमकदार साय असते, आणि खालच्या जुड्या दबून मोडलेल्या असतात. नकली माल बाजारात येतो, हे मी नाकारत नाही. तुटलेला मनोरा परत बसवून विकणारे आहेत. पण तो ओळखायचा सांध्याच्या जातीवरून. नुसता सांधा दिसला म्हणून दगड नकली ठरत नाही.

हा क्रम उगाच पडलेला नसतो. स्टिल्बाइटला ॲल्युमिनियम लागतं. ॲपोफिलाइटमध्ये ॲल्युमिनियम नसतंच, त्याला पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका आणि थोडं फ्लोरीन लागतं. म्हणजे पोकळीतलं पाणी मधल्या काळात बदललं. आधीच्या पाण्यातलं साहित्य झिओलाइटांनी वापरलं, पुढे दुसऱ्या गुणाचं पाणी आलं आणि त्यातून ॲपोफिलाइट बसलं. दख्खनच्या बहुतेक पोकळ्यांत ॲपोफिलाइट शेवटीशेवटी येतं. पण कधीकधी त्याच्याही अंगावर तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या जुड्या बसलेल्या असतात. ती स्टिल्बाइटची दुसरी पिढी. एका मुठीएवढ्या पोकळीत पाण्याने किती वेळा गुण बदलला, हे असं हातात धरून मोजता येतं. माझ्या वर्गातल्या पोरांना पुस्तकातला स्फटिकशास्त्राचा धडा कंटाळवाणा वाटायचा, पण हा क्रम लावायला दिला की तास संपल्याचं भान राहायचं नाही.

गॅसवर धरून बघायच्या 'कसोटी'बद्दल तर हात जोडून सांगते, करू नका.

काही वर्षांपूर्वी पलूसकडचा एक विद्यार्थी वर्तमानपत्रात गुंडाळून दगड घेऊन आला. घरच्या बोअरजवळच्या खड्ड्यात निघाला होता. आजोबांनी मेसेज वाचून तो शेगडीवर धरला. आधी तडतडला, मग मनोऱ्याचे पापुद्रे सुटून गॅसच्या ओट्यावर उडाले, खालच्या जुड्या दुधाळ होऊन फुगल्या. आजोबा म्हणाले, नकली निघाला, फेकून दे. त्या पोराने तो फेकला नाही, माझ्याकडे आणला, आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "मॅडम, हे प्लॅस्टिक होतं का?"

तो दगड अस्सल होता. अस्सल होता म्हणूनच तसा वागला. ॲपोफिलाइट हे नावच त्या वागण्यावरून पडलंय. 1806 साली रने-ज्युस्त आउई या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने दोन ग्रीक शब्द जोडून ते ठेवलं, त्याचा अर्थ पान सुटून निघणं. तापवलं की त्याचे पापुद्रे निघतात. आणि झिओलाइट हे नाव त्याच्याही आधीचं, 1756 चं. स्वीडनचा ॲक्सेल क्रॉनस्टेट फुंकणीच्या ज्योतीत एक खनिज तापवत होता, तर ते उकळल्यासारखं फसफसलं. त्याने ग्रीकमधून नाव केलं, उकळणारा दगड. फसफसतं ते आतलं पाणी, मघाशी सांगितलेलं 18 ग्रॅम. म्हणजे मेसेजने सांगितलेली कसोटी खऱ्या दगडाला नापास करते, आणि साध्या काचेच्या तुकड्याला तिच्यातून पार होणं त्यामानाने सोपं. त्या पोराच्या घरातला सुंदर नमुना असा एका मिनिटात गेला. शिवाय तडतडून उडालेला पापुद्रा डोळ्यात गेला असता तर?

न मोडता ओळखायचं असेल तर मनोऱ्याचा माथा आणि त्याच्या बाजू वेगवेगळ्या बघा. ॲपोफिलाइटचा माथा सपाट असेल तर त्यावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी मोत्याची झाक असते. बाजू मात्र काचेसारख्या चकचकीत, आणि त्यांवर बारीक उभ्या रेघा. हा फरक एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही.

पन्न्याचं उत्तर थोडक्यात देता येतं. पन्ना हा बेरिल जातीचा, त्याला बेरिलियम लागतं, त्याचा कठीणपणा मोहसच्या मोजपट्टीवर साडेसात ते आठ. ॲपोफिलाइटचा साडेचार ते पाच, स्टिल्बाइटचा साडेतीन ते चार. साध्या चाकूने दोन्हींवर ओरखडा उठतो. रंग हिरवा आहे तो व्हॅनेडियमच्या अगदी किंचित अंशामुळे. अंगठीत बसवलं तर महिन्याभरात धार जाईल. हा दागिन्याचा खडा नाहीच, हा बघायचा, कपाटात ठेवायचा नमुना आहे.

आणि लाखांची किंमत? चांगल्या नमुन्यांना जगभर मागणी आहे, हे खरं. अमेरिकेत टुसॉनला दरवर्षी भरणाऱ्या खनिजांच्या बाजारात महाराष्ट्राचे झिओलाइट हमखास मांडलेले असतात. आपल्याकडे सिन्नरला या स्फटिकांचं मोठं संग्रहालय उभं आहे, त्याचं नावच गारगोटी. सवड काढून पोरांना तिथे न्या. पण किंमत ठरते ती टोकं शाबूत आहेत का, झळाळी कशी आहे, दोन रंग एकमेकांवर उठून दिसतात का, खालचा दगड हातात धरण्याजोगा आहे का, यावर. आपल्या विहिरी सुरुंगाने फुटतात. शंभरातल्या बहुतेक मनोऱ्यांची टोकं जिलेटीनच्या धक्क्याने आधीच उडालेली असतात. मी पाहिलेल्या आपल्या भागातल्या गारा तर पुष्कळशा पांढऱ्या किंवा बिनरंगी, हिरवा क्वचित. मेसेज वाचून डबराचे ढीग घरात भरून ठेवणारी आणि कुठल्याशा दलालाला आगाऊ 'तपासणी फी' देऊन बसलेली माणसं मला माहीत आहेत. फी परत आली नाही, गिऱ्हाईकही आलं नाही. कोणी आधी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. आणि जमिनीतून काढलेला दगड विकायचा तर गौण खनिजाचे नियम आहेत, तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या.

राहिला मूतखडा. या ओळीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, असं म्हटलं तरी चालेल.

या दगडावर ठेवलेल्या पाण्याने मूतखडा विरघळतो, याला कसलाही आधार नाही. हे दोन्ही स्फटिक लाखो वर्षं पाण्यातच राहून टिकलेले आहेत. एका रात्रीत ते तांब्याभर पाण्याला असं काय देणार? आमच्याच नात्यातले एक काका दोन महिने हे पाणी पीत राहिले. दुखणं वाढलं तेव्हा सोनोग्राफी केली, तर खडा मूत्रनलिकेत अडकून मूत्रपिंडाला सूज आलेली. वेळेत गेले असते तर साध्या उपायांवर भागलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेवटी ऑपरेशन झालं. काका आता बरे आहेत, पण ते दोन महिने पाण्यातच गेले.

मेसेजची एक नवी आवृत्ती तर दगडाचा भुगा करून मधातून घ्या म्हणते. तसं चुकूनही करू नका. झिओलाइट कुळात काही खनिजं तंतूंसारखी असतात. त्यातलं एरिओनाइट श्वासातून फुप्फुसात गेलं तर कर्करोग होतो, हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. तुर्कस्तानातल्या कापादोकियाच्या काही गावांत घरांच्या दगडातच ते खनिज होतं आणि तिथल्या लोकांनी त्याची फार मोठी किंमत मोजली. स्टिल्बाइट म्हणजे एरिओनाइट नव्हे, कपाटात ठेवलेला नमुना कुणाला काही करत नाही. पण पोकळीतल्या कापसासारख्या पांढऱ्या बुरशीचं नाव घरबसल्या कोणाला सांगता येणार आहे? कुठलाही असा दगड खलबत्त्यात घालू नका. हातोडीनेही फोडू नका, असे बारीक तंतू तोंडावरच्या ओल्या रुमालाने अडत नाहीत.

मागच्या रविवारी विट्याला गेले. मामांनी दगड मामींच्या तांदळाच्या डब्यात ठेवला होता, टोकं घासू नयेत म्हणून. मुठीपेक्षा थोडा मोठा. कडेला शेवाळी लेप, त्यावर अबोलीपेक्षा फिकट जुड्या, आणि मधोमध एकच मनोरा, जवळजवळ बिनरंगी, उन्हात धरल्यावर किंचित हिरवट. टोकाचा एक कोपरा सुरुंगाने उडालेला. भिंगातून त्याच्या बाजूवर चार-पाच पांढऱ्या कण्या दिसल्या, ती दुसरी पिढी. मामांना भिंग धरायला दिलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजी ही खालची पेंढी थोरली, ह्यो मनोरा मधला, आन् ह्या कण्या धाकट्या. व्हय ना?"

मी विचारलं, किती खोल लागला? साडेसात परसांवर (परस म्हणजे पुरुषभर खोली), मांजऱ्यात, वर लाल गेरूचा पट्टा होता, ते चटकन बोलले. अशी माहिती दगडाबरोबर राहिली तर पुढे शिकणाऱ्याला तिचा उपयोग होतो, नाहीतर तो नुसता चमकणारा दगड उरतो. म्हणून वहीचं पान फाडलं, मामांनी त्यावर गाव, गट नंबर, खोली, खडकाचा प्रकार आणि महिना लिहिला, चिठ्ठी दगडाखाली सरकवली आणि डबा परत फळीवर ठेवला.